व्यर्थ शब्द कोणता?

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायातील छत्तिसावे वचन वाचले की माझ्यासारख्या बोलघेवड्या माणसाला घाम फुटतो. माणसाच्या तोंडून निघालेल्या प्रत्येक व्यर्थ शब्दाबद्दल न्यायाच्या दिवशी जाब द्यावा लागणार आहे, असा त्याचा आशय. संडे स्कूलमध्ये हे वचन आम्हां मुलांना पाठ असे, आणि त्याचा अर्थही आम्ही मनाशी पक्का केला होता. वचन, प्रार्थना, गीत, साक्ष हे सार्थ बोलणे. उपासना सुटल्यावर ओसरीवर जे चालते, म्हणजे थंडी किती पडली, गव्हाचा भाव काय, कोणाचा पोर नापास झाला, हे सगळे व्यर्थ. पुढे व्यासपीठावर उभा राहू लागलो तेव्हा मीही दहाबारा वर्षे हेच सांगत आलो. एकदा तर ओसरीवरच्या गप्पांवर मी चांगला पाऊण तास उपदेश केला होता. तो ऐकून लोक ओसरीवर न थांबता मुकाट्याने घरी गेले, याचे मला त्या दिवशी समाधानही वाटले होते.

आता मी तसे सांगत नाही. का सांगत नाही ते लिहायचे आहे. परंतु ज्या ठिकाणी माझे मत बदलले ते ठिकाण ऐकून काही वाचक नाराज होतील. ते चर्च नव्हते, शिबिरही नव्हते. इंग्लंडात यॉर्कशायरमधील एका गावी, एका मोटार ठेवण्याच्या खोलीत, सहा माणसे घरच्या घरी बीअर करीत बसली होती, तेथे हे घडले.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी दारू घेत नाही. बीअर नाही, द्राक्षारसही नाही. माझ्या वडिलांचे थोरले बंधू हातभट्टीच्या दारूने गेले. त्या दिवसापासून आमच्या घरात शपथ आहे आणि ती मी मोडलेली नाही. आमच्या मंडळीत प्रभुभोजनासाठी मनुका उकळून रस काढतात. तेवढाच मला ठाऊक. गुजरातेत तर राज्य झाले तेव्हापासून, म्हणजे १९६० पासून, दारूबंदीचा कायदा आहे, तेव्हा बडोद्याच्या वाचकांनी हा लेख म्हणजे घरी काही आंबवून पाहण्याची शिफारस समजू नये. गोव्याकडे व बेळगावकडे काही घरांत नाताळापूर्वी चिनी मातीच्या बरणीत द्राक्षे आणि साखर घालून ठेवण्याची रीत आहे, हे मला माहीत आहे. तिचा न्याय करायला मी बसलेलो नाही. रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय दोन्ही बाजूंना गप्प करणारा आहे, असे माझे मत आहे.

तर २०२३ च्या जानेवारीत मी बहिणीच्या मुलाकडे गेलो होतो. एका शनिवारी तो म्हणाला, "मामा, शेजारी बीअर लावायची आहे. तुम्ही नुसते बसा, चहा मिळेल." नको म्हणणे बरे दिसेना, म्हणून गेलो.

त्या देशात १९६३ पर्यंत घरी बीअर करायला सरकारी परवाना लागे; त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात तो रद्द झाला. तेव्हापासून आपल्याकडे जसे लोणचे घालणे तसा तिकडे हा अनेकांचा हौसेचा उद्योग झाला आहे. एका वेळी पाच गॅलन, म्हणजे सुमारे तेवीस लिटर होते. मोड आणून वाळवलेले जवाचे दाणे भरडून साधारण सहासष्टसदुसष्ट अंशांच्या पाण्यात तासभर ठेवतात, म्हणजे त्यांतील पिठाची साखर होते. मग ते गोड पाणी गाळून हॉप्स नावाच्या वेलीच्या कडवट फुलांबरोबर उकळतात, थंड करतात, बादलीत यीस्ट घालून झाकण लावतात. झाकणाला पाण्याची एक वाकडी नळी असते. आत आंबू लागले की तिच्यातून बुडबुडे निघतात. विरजण लागले की नाही हे आपली आई जसे भांडे हलवून पाही, तशी ही मंडळी ती नळी पाहत बसतात.

हिवाळ्यात या उद्योगाला एक सोय आणि एक अडचण असते. सोय अशी की नळाचे पाणी बर्फासारखे असल्याने उकळलेला काढा लवकर निवतो. अडचण अशी की त्यांच्या नेहमीच्या यीस्टला अठरा ते बावीस अंश ऊब लागते. बारातेराच्या खाली ते झोपी जाते. लागर नावाच्या दुसऱ्या जातीच्या यीस्टला मात्र थंडीच मानवते. जुन्या काळी बव्हेरियात १५५३ साली राजाज्ञाच निघाली होती की २३ एप्रिलपासून २९ सप्टेंबरपर्यंत कोणी बीअर करू नये, कारण उन्हाळ्यात ती नासे. या माणसांची बोलणी ऐकून मला आमच्या घरची थंडी आठवली. इडलीचे पीठ फुगत नाही म्हणून आई पातेल्याला जुनी शाल गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवायची. तिकडे कोणी बादलीला घोंगडी गुंडाळतो, तर कोणी मोठ्या टोपात पाणी घालून, त्यात मासे पाळणाऱ्यांची विजेची कांडी सोडून, मध्ये बादली ठेवतो. उपाय एकच.

दोन तास ते काय बोलत होते? खरे सांगायचे तर काहीच नाही. कोणाची आईला गुडघ्याची शस्त्रक्रिया मिळायला किती महिने लागले, रस्त्यावरचा खड्डा, फुटबॉल, एकाच्या मुलाची नोकरी, आणि मध्येच यीस्ट. कोणी एक वाक्य पुरे करी, कोणी अर्धे सोडी. मी कोपऱ्यात चहा घेत बसलो होतो आणि मनातल्या मनात त्या छत्तिसाव्या वचनाने त्यांची मोजदाद करीत होतो. एक लक्षात आले. काम चालू असताना पीत कोणी नव्हते. उकळत्या टोपाजवळ नीट उभे राहावे लागते. आणि एक जण तर मुळीच न पिणारा होता. पूर्वी फार पीत असे, आता सोडली आहे, असे भाच्याने मागून सांगितले. तो बाटल्या धुवायला येई. सुटलेल्या माणसाने तशा जागी यावे काय, हा प्रश्न मला तेव्हाही पडला आणि आजही पडतो. मी त्याचा पाळक असतो तर येऊ नको म्हणालो असतो. पण तो म्हणे, दुसरी बसायची जागा नाही. या उत्तराने आपल्या मंडळ्यांना थोडी लाज वाटायला हवी.

त्या सहांत एक म्हातारा होता. बसगाडी चालवून निवृत्त झालेला. आदल्या ऑगस्टात त्याची बायको वारली होती. तिचे नाव कोणी काढले नाही. एकाने सहज विचारले, "तुझी बादली काय म्हणते?"

"मेली. पाच दिवसांत एक बुडबुडा नाही."

"ठेवली कुठे?"

"स्वयंपाकघरात."

त्यांच्या बादलीला तापमान दाखवणारी एक पट्टी चिकटवलेली असते. जेवढे अंश असतील तो आकडा उजळतो. कोणी विचारले, पट्टी किती दाखवते? म्हातारा म्हणाला, काहीच नाही, खालचा आकडासुद्धा उजळत नाही. कोणी म्हणाले, मग लागरचे यीस्ट टाकायचेस, सगळे हसले. टोप ढवळणारा मात्र हसला नाही. थोड्या वेळाने, मागे न बघता, तो म्हणाला, "उद्या सकाळी येतो. बघू काय झाले आहे बादलीला." म्हाताऱ्याने बरे म्हटले. पुन्हा फुटबॉल सुरू झाले. मला त्यात काही विशेष वाटले नाही.

पुढची हकीगत मला भाच्याने आठवड्याने सांगितली. दोघे जण गेले. घरात दोन कोट घालून म्हातारा बसला होता. नोव्हेंबरपासून त्याने घर तापवण्याचे यंत्र बंदच ठेवले होते. त्या हिवाळ्यात तिकडे गॅस आणि वीज फार महागली होती. सरकारने दराला मर्यादा घालूनही सर्वसाधारण घराचे वर्षाचे बिल अडीच हजार पौंडांच्या घरात जात होते, म्हणजे आदल्या हिवाळ्याच्या जवळजवळ दुप्पट. बिले बायको पाहत असे. तिच्यामागे आलेले पहिलेच बिल पाहून त्याने भीतीने सगळे बंद केले आणि कोणाला सांगितले नाही. त्या दोघांनी त्याला उपदेश केला नाही की दयाही दाखवली नाही. ते म्हणाले, तेवीस लिटर वाया जाईल, दोन आठवडे तरी खोली वीस अंशांवर ठेवावीच लागेल. बीअरसाठी म्हणून घर तापवले. मग एकाने बसून कंपनीला फोन लावला, हप्ते ठरवले, सवलतीचा अर्ज भरला. दोन आठवड्यांनंतर यंत्र पुन्हा बंद करण्याची गरज राहिली नाही.

हे ऐकले त्या रात्री मला झोप आली नाही, कारण मला आमचे मास्तर आठवले.

मास्तर म्हणजे आमच्या मंडळीतले संडे स्कूलचे जुने शिक्षक. ते छत्तिसावे वचन त्यांनीच मला पाठ करवले होते. एकटे राहत. मी मोठा झालो, प्रवचने करू लागलो, तरी मला ते 'अरे'च म्हणत. दोन वर्षे, दर दुसऱ्या शुक्रवारी संध्याकाळी, मी त्यांच्या खोलीवर जात असे. एक स्तोत्र वाचायचे, त्यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायची, उठायचे. पंधरा मिनिटे. ते कधी म्हणत, "अरे, बस की जरा." मी म्हणे, पुढे दोन घरे आहेत मास्तर. २०२० च्या जानेवारीत त्यांना न्यूमोनिया झाला आणि आठ दिवसांत ते प्रभूकडे गेले. त्यांचे सामान आवरायला आम्ही चौघे गेलो, तेव्हा पलंगामागच्या खिडकीला एक तावदान नाही, तेथे जुने कॅलेंडर सुतळीने बांधले आहे, असे दिसले. सुतळी काळी पडली होती. म्हणजे तो एका हिवाळ्याचा प्रकार नव्हता. इंदूरला जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या खाली उतरतो. ट्रंकेत रजई नव्हती. दोन हिवाळे मी त्या खोलीत कोट न काढता बसलो होतो. कोट काढावासा वाटत नव्हता, पण का वाटत नाही, हे माझ्या मनात एकदाही आले नाही.

त्या तावदानानेच ते गेले, असे मी म्हणत नाही. त्यांचे वय झाले होते. परंतु एक काच बसवायला अर्धा तास लागला असता. आणि 'मास्तर, थंडीचे कसे चालले आहे?' एवढा एक ओसरीवरचा प्रश्न मी विचारला असता, तरी कदाचित पुरे झाले असते. तो मी विचारला नाही. का, तर तो मी व्यर्थ शब्दांत मोडत होतो.

परत आल्यावर मी पदविकेच्या वेळची ग्रीक भाषेची वही काढली. मत्तयाने 'व्यर्थ' म्हणून जो शब्द वापरला आहे तो 'आर्गोस'. 'एर्गोन' म्हणजे काम. त्याच्या आधी नकार लागून झालेला हा शब्द आहे. म्हणजे काम नसलेला, बेकार. हलका, विनोदी, संसारातला, असा अर्थ त्यात कोठेही नाही. हाच शब्द मत्तयाच्या विसाव्या अध्यायात पुन्हा येतो. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात बाजारात जे मजूर उभे आहेत ते 'आर्गोस' आहेत. मराठीत दोन्ही ठिकाणी निराळे शब्द वाचावे लागतात, म्हणून हे नाते आपल्या ध्यानात येत नाही. ते मजूर वाईट होते काय? नाही. त्यांना कोणी कामावर लावले नव्हते, एवढेच. तेव्हा व्यर्थ शब्द म्हणजे कामाला न लागलेला शब्द, असे म्हणायला हरकत नाही. अर्थात त्या अध्यायात प्रभू परूशांच्या निंदेबद्दल बोलत आहे, हे मी विसरत नाही. कडवट शब्दाला तेथे क्षमा नाहीच. पण आपण त्या वचनातून हवापाण्याच्या गप्पांना जी शिक्षा फर्मावली, ती तेथे नाही.

यापुढचे मला अधिक लागले. याकोबाच्या पत्रात, दुसऱ्या अध्यायाच्या पंधराव्या व सोळाव्या वचनांत, उघड्या व उपाशी बंधूचे उदाहरण आहे. कोणी त्याला ऊब मिळो, पोट भरो, असा आशीर्वाद देऊन वाटेला लावतो आणि देत काहीच नाही. आशीर्वाद चांगला आहे. शब्दांत दोष काढता येणार नाही. आणि त्याच अध्यायाच्या विसाव्या वचनात, क्रियांवाचून असलेल्या विश्वासाला, काही प्राचीन हस्तलिखितांप्रमाणे, याकोब कोणते विशेषण लावतो? तेच, 'आर्गोस'. मी मास्तरांच्या खोलीत बोललो ते सगळे धार्मिक होते. त्या गॅरेजातले बोलणे बादलीविषयी होते. काम कोणत्या शब्दाने केले?

प्रार्थना व्यर्थ, असे मी म्हणतो आहे, असे कोणी समजू नये. मास्तरांना स्तोत्रे हवी असत, आणि शेवटच्या दिवसांत त्यांचे ओठ तीच म्हणत होते. पण मी प्रार्थनेचा उपयोग लवकर उठण्यासाठी करीत होतो. प्रार्थना झाली की भेट संपते, ही आपल्याकडची रीतच आहे. त्या रीतीमागे लपून बसायला फार सोपे जाते.

प्रभूची रीत पाहावी. सूखारच्या विहिरीवर तो पाणी मागून बोलणे सुरू करतो. अम्माऊसच्या वाटेवर, तुम्ही कशाविषयी बोलत आहात, असे विचारतो, आणि ते सांगेपर्यंत ऐकतो. पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या समुद्राकाठी तो शिष्यांना पहिला प्रश्न करतो तो मासळीचा. रात्रभर राबून जाळे रिकामे होते, हे त्याला ठाऊक नव्हते काय? तरी विचारतो. आणि काठावर कोळशाचा विस्तव आधीच पेटवलेला असतो. पेत्राशी त्याला फार गंभीर बोलायचे होते, पण ते न्याहारीनंतर.

आपल्या प्रॉटेस्टंट परंपरेत याचे एक मोठे उदाहरण आहे, आणि योगायोगाने तेही घरी बीअर करणाऱ्या घरातलेच आहे. मार्टिन लूथरने १५२५ साली काथरीना फॉन बोरा हिच्याशी लग्न केले. विटेनबर्गच्या जुन्या मठात त्यांचा संसार होता. ती बाई शेती, गुरे, भाजीपाला सांभाळी आणि बीअरही स्वतः करी. त्या काळी ते रोजचे पेय होते. जेवायला विद्यार्थी, पाहुणे, अनाथ नातलग, अशी पंगतच असे. त्या मेजावर लूथर जे बोले ते १५३१ पासून विद्यार्थी टिपून घेऊ लागले आणि १५६६ साली, त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, त्याचे पुस्तक निघाले. पुढे शास्त्रीय आवृत्ती झाली ती सहा खंडांची. तीत धर्मसिद्धांत आहेत, तसेच मुलांचे रडणे, पोटाचे दुखणे, हवा आणि पैशाची चणचणही आहे. १५४२ साली त्याची तेरा वर्षांची मुलगी माग्दालेना वारली, तेव्हाचे बापाचे बोलणेही त्याच मेजाजवळच्या लोकांनी टिपले. मेजावर रोज साधे बोलणे होत होते, म्हणूनच त्या दिवशी तसले बोलणे शक्य झाले, असे मला वाटते.

पण याच मेजावर यहूदी लोकांविषयी व विरोधकांविषयी लूथर जे बोलला, ते आज वाचवत नाही. म्हणजे गप्पा आपोआप पवित्र होत नाहीत. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, पाचव्या अध्यायात, घरोघर हिंडून नको ते बोलणाऱ्यांना जो शब्द लावला आहे तोही 'आर्गोस'च. तेव्हा ओसरीला मी सरसकट माफी देत नाही. खूण अगदी साधी आहे. जो समोर बसला आहे त्याच्याविषयी विचारतो आहोत, की जो तेथे नाही त्याच्याविषयी सांगतो आहोत? त्या गॅरेजात दोन तासांत गैरहजर माणसाची चिरफाड झालेली मी ऐकली नाही. आमच्या ओसरीवर दहा मिनिटांत ऐकू येते.

आणि माणसे मोकळी झाली ती पेयामुळे, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. हात कामात होते आणि घाई नव्हती, म्हणून ती बोलली. पापड लाटताना आपल्या बायका बोलतात ते कोणत्या पेयामुळे? आमच्या मंडळीत पूर्वी नाताळापूर्वी चर्च झाडायला, पताका चिकटवायला सगळे जमत. आता ते काम मंडपवाला पैसे घेऊन करतो. सोय झाली. कोणाच्या खिडकीला काच नाही, हे कळण्याची जागा मात्र गेली. संडे स्कूलच्या शिक्षकांनी याचा विचार करावा, अशी माझी विनंती आहे. पाठ सुरू होण्यापूर्वी जी दहा मिनिटे मुले कलकल करतात, त्यांतच कोण न खाता आला आहे ते समजते.

हल्ली मी शुक्रवारच्या भेटींतून एक घर कमी केले आहे. प्रार्थनेआधी चहा घेतो, नळ, गॅस, रजई यांची चौकशी करतो. मला ते नीट जमत नाही. प्रश्न चौकीतल्या हवालदारासारखे निघतात. मागल्या डिसेंबरात एका वृद्ध मावशींना मी विचारले, सिलिंडर किती दिवस पुरतो? त्या रागावल्या. म्हणाल्या, "प्रार्थना करायला आलात की मीटर वाचायला?" मी ओशाळून स्तोत्र उघडले. एकशेएकविसावे वाचून झाले, प्रार्थना झाली, मी उठलो. चपला घालत होतो, तेव्हा त्या दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या की, तुम्ही विचारलेच आहे म्हणून सांगते, महिना झाला, शेगडीचा एक बर्नर पेटत नाही.